संत जॉन बॉस्को : राबणाऱ्या बालकांचा पिता

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. डॉन बॉस्को हे नाव आपल्या परिचयाचे आहे. मुंबईच्या माटुंगा येथील भव्य देवालय, तेथील शाळा आणि मुलांनी गजबजलेले मैदान यांमुळे ते घरोघरी पोहोचले आहे. इटलीत धर्मगुरूंना आदराने 'डॉन' असे संबोधले जाते. त्यामुळे आपण ज्यांना डॉन बॉस्को म्हणतो, ते म्हणजे फादर बॉस्को. शाळांचे संस्थापक आणि युवकांचे मित्र म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु लहान वयात कामाला जुंपल्या गेलेल्या मुलांच्या जिवाची, आरोग्याची आणि मजुरीची त्यांनी जी काळजी वाहिली, तिची माहिती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्यांच्या जीवनाचा हा भाग आजही मनन करण्याजोगा आहे.

परक्या घरची चाकरी

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिएमॉन्त प्रांतात, बेक्की नावाच्या लहानशा वाडीत झाला. वडील फ्रान्सेस्को हे गरीब शेतकरी होते. मे १८१७ मध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले, तेव्हा जॉन दोन वर्षांचाही नव्हता. आई मार्गारीता हिच्यावर वृद्ध सासू, पतीच्या पहिल्या विवाहाचा मुलगा आन्तोनियो आणि जोसेफ व जॉन ही दोन चिमुकली मुले यांचा भार येऊन पडला. त्या वर्षी त्या भागात दुष्काळ पडला होता. मार्गारीताने पुन्हा विवाह केला नाही. कष्ट, प्रार्थना आणि शिस्त यांच्या बळावर तिने घर सावरले.

जॉनला शिकण्याची विलक्षण ओढ होती. वयाच्या नवव्या वर्षी पडलेल्या एका स्वप्नाने त्याच्या मनात धर्मगुरू होण्याची इच्छा रुजवली. मात्र शेतात राबणाऱ्या घरात पुस्तकाला काय स्थान, असे थोरल्या सावत्र भावाला वाटत असे. रोजच्या कटकटी विकोपास गेल्या, तेव्हा आईने काळजावर दगड ठेवून जॉनला घराबाहेर काम शोधायला पाठवले. तो तेव्हा अवघा बारा वर्षांचा होता. ऐन हिवाळ्यात कपड्यांचे लहानसे गाठोडे घेऊन तो मोल्या नावाच्या एका शेतकरी कुटुंबाच्या दारी जाऊन उभा राहिला. तेथे त्याने सुमारे दोन वर्षे गोठ्यात व द्राक्षमळ्यात गडी म्हणून काम केले. कुटुंब सज्जन होते आणि त्यांनी त्याला ममतेने वागवले. तरीही शाळेच्या वयात परक्या घरी चाकरी करणे म्हणजे काय, हे जॉनने स्वतः अनुभवले होते.

पुढे फादर कालोस्सो नावाच्या एका वृद्ध धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकवण्यास प्रारंभ केला. परंतु १८३० साली त्यांचेही निधन झाले आणि आधार पुन्हा तुटला. १८३१ पासून किएरी या गावी शिकत असताना जॉनने आपल्या राहण्या-जेवणाची सोय स्वतःच्या श्रमातून केली. एका कॉफीगृहात तो ग्राहकांची सेवा करी आणि जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत झोपत असे. शिवणकाम, सुतारकाम, लोहारकाम आणि मिठाई बनवणे ही कामे त्याने याच काळात कमी-अधिक प्रमाणात शिकून घेतली. १८३५ साली त्याने सेमिनरीत प्रवेश केला आणि ५ जून १८४१ रोजी तुरिन शहरात त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

तुरिनच्या रस्त्यांवरील मुले

दीक्षेनंतर फादर जॉन बॉस्को पुढील अभ्यासासाठी तुरिनमध्येच राहिले. तेथे संत जोसेफ काफास्सो हे त्यांचे मार्गदर्शक होते. ते या तरुण धर्मगुरूंना आपल्यासोबत तुरुंगात घेऊन जात. तेथील कोठड्यांमध्ये कोवळ्या वयाची धडधाकट मुले रिकामटेकडी बसलेली पाहून डॉन बॉस्को हादरून गेले. सुटका झालेली मुले थोड्याच दिवसांत परत तुरुंगात येत. बाहेर त्यांना विचारणारे कोणी नव्हते, हे त्यामागचे कारण होते. ही मुले गुन्ह्याच्या वाटेला लागण्यापूर्वीच त्यांना हात देणारा कोणी भेटला असता तर, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

तुरिन त्या काळी झपाट्याने वाढत होते. नवी घरे, रस्ते आणि कारखाने उभे राहत होते. आजूबाजूच्या डोंगराळ भागांतून व लोम्बार्दीतून मुले रोजगारासाठी शहरात येत. अनेकजण वसंत ऋतूत येत आणि थंडी पडली की गावी परतत. कोणी गवंड्याच्या हाताखाली, कोणी पाथरवटाकडे, तर कोणी फरसबंदीच्या कामावर असे. चुन्याची घमेली व विटा घेऊन आठ-दहा वर्षांची मुलेसुद्धा परांचीवर चढत. पाय घसरला तर धरणारे कोणी नव्हते. आजारी पडले तर मजुरी बुडे आणि उपासमार होई. मालकाची शिवीगाळ व मारहाण ही तर नित्याचीच बाब होती. कारागिरांच्या जुन्या संघांमध्ये उमेदवारी करणाऱ्या मुलांसाठी काही नियम तरी असत. १८४४ मध्ये पिएमॉन्तच्या राजाने हे संघ बरखास्त केले आणि त्यांची जागा घेणारा कोणताही कामगार कायदा अस्तित्वात नव्हता. अशा प्रकारे मूल सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिले.

८ डिसेंबर १८४१ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, डॉन बॉस्को असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या देवळात मिस्सासाठी तयार होत होते. तेवढ्यात एक अनोळखी मुलगा सॅक्रिस्टीत शिरला. त्याला मिस्साची सेवा करता येत नाही हे समजताच सॅक्रिस्टनने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला लगेच परत बोलावून घेतले, मिस्सानंतर आपल्याजवळ बसवले आणि त्याची चौकशी केली. मुलाचे नाव बार्तोलोमेयो गारेल्ली होते. तो सोळा वर्षांचा अनाथ असून गवंड्याच्या हाताखाली काम करीत होता. त्याला ना अक्षरओळख होती, ना धर्माची ओळख. त्या दिवशी डॉन बॉस्को यांनी त्याला क्रुसाची खूण शिकवली. पुढील रविवारी तो आणखी काही मुलांना घेऊन आला. या लहानशा मेळाव्यातून त्यांच्या कार्याचा आरंभ झाला. या मेळाव्याला 'ओरेटरी' असे नाव पडले. प्रार्थना, धर्मशिक्षण, अक्षरओळख आणि मनसोक्त खेळ असे त्याचे स्वरूप होते.

रविवार संपला की डॉन बॉस्को यांचे काम थांबत नसे. आठवडाभर ते मुलांच्या कामाच्या ठिकाणी जात. बांधकामाच्या जागी, दुकानांत आणि कारखान्यांत ते मुलांची विचारपूस करीत आणि मालकांशीही बोलत. आपली चौकशी करायला कोणीतरी येते, या जाणिवेने मुलांना धीर येई. मुलाच्या पाठीशी एक धर्मगुरू आहे, हे मालकांच्याही ध्यानात राही.

हक्काचे छप्पर

या मुलांना जागा देण्यास मात्र कोणी राजी नव्हते. त्यांचा गोंगाट शेजाऱ्यांना नकोसा होई. काही वर्षे ओरेटरीला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी भटकावे लागले. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, वाल्दोक्को भागातील पिनार्दी यांच्या घराला लागून असलेली एक पडवी त्यांना भाड्याने मिळाली.

अतिश्रमामुळे त्याच वर्षी जुलै महिन्यात डॉन बॉस्को मरणासन्न झाले. तेव्हा दिवसभर विटा वाहणाऱ्या मुलांनी त्यांच्यासाठी उपवास धरले, रात्री जागून प्रार्थना केल्या आणि कठीण नवस बोलले. ते बरे झाल्यावर त्यांनी मुलांचे ते नवस ऐकून घेतले आणि जे झेपणार नव्हते त्यांच्या जागी सोपी व उपयुक्त कृत्ये नेमून दिली.

३ नोव्हेंबर १८४६ रोजी ते आपल्या आईला घेऊन वाल्दोक्कोला परतले. अठ्ठावन्न वर्षांच्या मार्गारीताने गावचे निवांत घर सोडले आणि मुलांच्या गरजा भागवण्यासाठी आपल्या विवाहाचे वस्त्र व दागिनेही विकले. १८४७ च्या मे महिन्यातील एका पावसाळी रात्री, कामाच्या शोधात आलेला एक भिजलेला अनाथ मुलगा त्यांच्या दारी आला. मायलेकांनी त्याला स्वयंपाकघरात झोपण्यास जागा दिली. त्यानंतर मुले येत राहिली. ती दिवसा शहरात कामाला जात आणि संध्याकाळी घरी परतत. कोण मार खाऊन आला, कोणाला मजुरी मिळाली नाही, कोणाच्या पाठीवर न पेलणारे ओझे दिले गेले, हे सारे आता रोज संध्याकाळी घरातच कळू लागले.

मुद्रांक कागदावरील दया

केवळ हळहळ व्यक्त करून किंवा मालकाला विनवणी करून मुलांचे रक्षण होणार नाही, हे डॉन बॉस्को यांनी ओळखले. १ जुलै १८५० रोजी त्यांनी मुलांचे परस्पर साहाय्य मंडळ सुरू केले. प्रत्येक सभासद दर रविवारी एक सोल्दो, म्हणजे पाच सेंटेसिमी, वर्गणी देई. जो आजारी पडे किंवा ज्याचे काम सुटे, त्याला दररोज पन्नास सेंटेसिमी मदत मिळे. आपण आज ज्याला विमा म्हणतो, त्याचेच हे लहानसे रूप होते आणि ते मुलांनी स्वतःच्या कमाईतून उभे केले होते.

त्यापुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे होते. नोव्हेंबर १८५१ मध्ये काचकामाच्या एका कारागिराशी आणि ८ फेब्रुवारी १८५२ रोजी जोसेफ बेर्तोलिनो नावाच्या सुताराशी त्यांनी लेखी करार केले. यांपैकी दुसरा करार जोसेफ ओदास्सो या मुलाच्या उमेदवारीसंबंधी होता. तो चाळीस सेंटेसिमींच्या मुद्रांक कागदावर लिहिलेला आहे. त्यावर मालक, मुलगा, त्याचे वडील आणि डॉन बॉस्को अशा सर्वांनी आपली संमती नोंदवली. हे करार आजही जतन करून ठेवलेले आहेत.

त्यातील अटी वाचल्या तर डॉन बॉस्को यांनी मुलांची गाऱ्हाणी किती लक्षपूर्वक ऐकली होती, हे दिसून येते. मालकाने मुलाला धंदा खरोखर शिकवावा. त्याला फक्त त्या धंद्याशी संबंधित काम द्यावे. घरगडी किंवा हमाल म्हणून राबवू नये. काम त्याच्या शक्तीबाहेरचे नसावे. चूक झाल्यास पित्याच्या मायेने आणि केवळ शब्दांनी समज द्यावी. हात उगारू नये. रविवारी व सणांच्या दिवशी त्याला पूर्ण मोकळीक असावी, जेणेकरून तो उपासनेला व रविवारच्या शाळेला जाऊ शकेल. वर्षातून पंधरा दिवस सुटी असावी. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला तीस, पुढील सहा महिन्यांत चाळीस आणि दुसऱ्या वर्षापासून साठ सेंटेसिमी मजुरी द्यावी. मुलाच्या वागणुकीची नोंद मालकाने दर महिन्याला प्रामाणिकपणे करावी. मुलानेही वक्तशीरपणे, आज्ञाधारकपणे आणि मन लावून काम करावे.

आज या अटी अगदी साध्या वाटतात. परंतु ज्या काळी गरिबाच्या मुलाचा शब्द कोणी ऐकत नव्हते, त्या काळी त्याचे नाव मालकाच्या नावाशेजारी कागदावर आले. त्याला हक्क आहेत आणि मालकाला कर्तव्ये आहेत, हे लिहून ठेवले गेले. ख्रिस्ती दयेला त्यांनी अशा प्रकारे न्यायाचे बळ दिले.

धोक्याची जवळून ओळख

त्याच वर्षी दोन घटनांनी वाल्दोक्कोला कामाच्या ठिकाणच्या धोक्याची भीषण ओळख करून दिली. २६ एप्रिल १८५२ रोजी ओरेटरीपासून जवळच असलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात प्रचंड स्फोट झाला. त्यात अनेक कामगार मृत्युमुखी पडले. पाओलो साक्की नावाच्या सार्जंटने जिवावर उदार होऊन मोठ्या साठ्यापर्यंत आग पोहोचू दिली नाही, म्हणून शहराचा तो भाग वाचला.

दुसरी घटना डॉन बॉस्को यांच्या स्वतःच्या अंगणात घडली. वाढत्या मुलांसाठी ते नवी इमारत बांधत होते. नोव्हेंबरमध्ये परांची कोसळून कामगार जखमी झाले. त्यानंतर सततच्या पावसाने ओल्या भिंतींतील चुना धुऊन नेला आणि १ डिसेंबरच्या रात्री ती अपुरी इमारत ढासळली. शेजारच्या जुन्या घरात मुले झोपलेली होती. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही आणि सर्वांनी देवाचे आभार मानले. परांचीवर चढणाऱ्याचा जीव किती लहानशा गोष्टीवर अवलंबून असतो, हे त्या घराने स्वतः पाहिले.

शहरातील अनेक दुकानांत मुलांच्या शरीराला आणि मनाला इजा पोहोचवणारे वातावरण होते. त्यामुळे डॉन बॉस्को यांनी हळूहळू मुलांना घरातच हुन्नर शिकवण्याची व्यवस्था केली. १८५३ मध्ये जोडे बनवण्याचे व शिवणकामाचे, १८५४ मध्ये पुस्तकबांधणीचे आणि १८५६ मध्ये सुतारकामाचे वर्ग सुरू झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत छापखाना आणि लोहारकामाची शाळा यांचीही भर पडली. प्रारंभी साधने तुटपुंजी होती. पण येथे मुलगा आधी विद्यार्थी होता आणि मग कामगार. हुन्नर, अक्षरज्ञान आणि श्रद्धा ही तिन्ही त्याला एकाच छपराखाली मिळू लागली.

कायद्याच्या आधीची वाट

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. मुलांनी काम करूच नये, अशी मागणी डॉन बॉस्को यांनी केली नाही. त्या काळी गरिबाच्या घरात मुलाच्या कमाईवाचून चूल पेटत नसे, हे ते जाणून होते. कायद्यासाठी त्यांनी चळवळही उभारली नाही. एकेका मुलाला हात देणे हा त्यांचा मार्ग होता. कायदा त्या मागून आला आणि फार सावकाश आला. १८५९ च्या खाणविषयक कायद्याने दहा वर्षांखालील मुलांना भूगर्भात काम करण्यास मनाई केली. कारखान्यांतील बालकामगारांसाठी इटलीने १८८६ साली कायदा केला, तेव्हा किमान वय केवळ नऊ वर्षे ठरवण्यात आले. आपल्याकडेही स्थिती निराळी नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८१ च्या कायद्याने मोठ्या कारखान्यांत फक्त सात वर्षांखालील मुलांना बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी नऊ तासांचा दिवस ठरवला. या पार्श्वभूमीवर १८५२ चा तो करार किती पुढचा होता, हे ध्यानात येते.

१८ डिसेंबर १८५९ रोजी डॉन बॉस्को यांनी संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या नावाने सालेशियन संघाची स्थापना केली. १८७२ मध्ये संत मरिया मात्झारेल्लो यांच्या सहकार्याने मुलींसाठी कार्य करणारा भगिनींचा संघ स्थापन झाला. १८७५ मध्ये पहिले सालेशियन मिशनरी आर्जेन्टिनाला रवाना झाले. मुलाला शिक्षेच्या भयाने वाकवण्याऐवजी विवेक, धर्म आणि ममता यांच्या आधारे घडवावे, ही आपली शिक्षणपद्धती त्यांनी १८७७ मध्ये शब्दबद्ध केली. मालकाने केवळ शब्दांनी समज द्यावी, या १८५२ च्या अटीमागे हीच दृष्टी होती.

अविरत श्रमांनी झिजलेल्या या धर्मगुरूंनी ३१ जानेवारी १८८८ रोजी तुरिन येथे देह ठेवला. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयीचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. शरीर व मन पुरेसे विकसित होण्याआधी मुलांना कारखान्यात पाठवू नये, अशी शिकवण त्यात आहे. पोप अकरावे पायस यांनी १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, डॉन बॉस्को यांना संत म्हणून घोषित केले. १९५८ मध्ये त्यांना इटलीतील उमेदवार कामगारांचे आश्रयदाते संत म्हणून मान्यता मिळाली.

आपल्यासाठी बोध

सालेशियन धर्मगुरू १९०६ मध्ये तंजावर येथे भारतात प्रथम आले आणि १९२८ मध्ये मुंबईत पोहोचले. तांत्रिक शिक्षणाच्या संस्था आणि रस्त्यावरील मुलांसाठी निवारे या रूपाने डॉन बॉस्को यांची ती जुनी चिंता आपल्या भागातही काम करीत आली आहे.

आज आपल्या देशात कायदा आहे. २०१६ मधील दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. शाळेच्या वेळेनंतर स्वतःच्या कुटुंबाच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात मदत करणे यांसारखे मोजके अपवाद आहेत. चौदा ते अठरा वयोगटातील मुलांना खाणी, स्फोटके आणि इतर घातक प्रक्रियांच्या ठिकाणी कामास बंदी आहे. तरीही आपल्या परिसरातील एखाद्या घरात दूर गावाहून आणलेली मुलगी भांडी घासत असते. एखाद्या हॉटेलात लहान मुलगा टेबल पुसत असतो. आपल्याच घराच्या बांधकामावर कोवळ्या वयाचा पोर शिरस्त्राणाविना, पट्ट्याविना परांचीवर चढतो आणि आपण खालून पाहत राहतो. आपला स्वतःचा मुलगा दहावीनंतर वर्कशॉपमध्ये उमेदवारीला जातो, तेव्हा तेथील यंत्र सुरक्षित आहे का, त्याला लेखी नेमणूकपत्र मिळाले आहे का, दुखापत झाल्यास खर्च कोण करणार, हे प्रश्न विचारायला आपण संकोचतो.

डॉन बॉस्को संकोचले नाहीत. ते मुलाच्या कामाच्या जागी गेले, त्यांनी मालकाला विचारले आणि ठरलेले लिहून घेतले. त्यांच्या सणानिमित्त आपण नोव्हेना करतो व मिस्सामध्ये सहभागी होतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरी, दुकानात वा बांधकामावर राबणाऱ्या मुलाचे नाव, वय आणि शाळा एवढी तरी चौकशी या वर्षी करावी. जे मूल शाळेत असायला हवे, त्याला शाळेत पोहोचवावे आणि कामावर असलेल्या तरुणाच्या सुरक्षिततेसाठी मालकाकडे शब्द टाकावा. संत जॉन बॉस्को आपणा सर्वांसाठी, आणि विशेषतः राबणाऱ्या बालकांसाठी, प्रभूजवळ विनंती करोत.